मुळशीचा नकार

मुळशीकर : देवनहळ्ळीच्या शेतकऱ्यांची जमीन वाचली, त्या दिवसापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही, वकीलसाहेब. इथून, बंगळूरहून, विमानतळाच्या बाजूला गेले की चन्नरायपट्टण होबळी, म्हणजे गावांचा महसुली गट, लागते. तिथल्या १३ गावांची १,७७७ एकर जमीन कर्नाटकच्या औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाला विमान आणि संरक्षण उद्योगांच्या वसाहतीसाठी हवी होती. ४ एप्रिल २०२२ ला लोक धरण्याला बसले आणि तीन वर्षे हलले नाहीत. १५ जुलै २०२५ ला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी भूसंपादन सोडून दिल्याचे जाहीर केले. आमच्या मुळशीतही लोक असेच बसले होते. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. टाटा पॉवर कंपनीच्या धरणाच्या जागेवर हजारावर मावळे जाऊन बसले आणि काम बंद पाडले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची शपथ होती. तरी मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यातल्या पन्नासएक गावांवर धरणाचे संकट आले आणि आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली गेली ती गेलीच. देवनहळ्ळी वाचते आणि मुळशी बुडते, हे का? माझे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. आमच्या लढ्याचे नेते सेनापती बापट यांनी १९२४ च्या अखेरीस जे हत्यार उचलले, ते १९२१ मध्येच उचलायला हवे होते.

वकील : आवडण्या-नावडण्याचे सोड. कंपनीपुढे हत्यार घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांचे पुढे काय होते, याचा एक दाखला देतो. कॅलिफोर्नियात मसल स्लू नावाचा भाग आहे. १८७० च्या दशकात तिथे बाहेरून आलेल्या कुटुंबांनी रखरखीत जमिनीवर पाट काढून शेती उभी केली. ही जमीन अमेरिकी सरकारने सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीला देऊ केलेली होती. कंपनीच्या पत्रकांवरून लोकांची समजूत झाली होती की एकरी अडीच डॉलरपासून पुढे जमीन आपल्या नावावर होईल. शेते पिकू लागली तशी कंपनीने कितीतरी पट किंमत सांगितली. लोकांनी संघटना केली आणि संघटनेच्या आतच दोन मते झाली. काहींचे म्हणणे होते, वरच्या कोर्टापर्यंत लढू. काही जण रात्री तोंडाला मुखवटे बांधून घोड्यांवरून हिंडू लागले, कंपनीकडून जमीन घेणाऱ्याला धमकावू लागले. डिसेंबर १८७९ मध्ये संघीय न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्यावरचे अपील अजून निकाली निघायचे होते, तोच ११ मे १८८० ला सरकारी अधिकारी जमिनीचा ताबा द्यायला आला आणि गोळीबार झाला. पहिली गोळी कुणाची, यावर शेवटपर्यंत एकमत झाले नाही. सात माणसे गेली, त्यांतले पाच शेतकरी होते. उरलेल्यांपैकी काहींना अधिकाऱ्याला अडवल्याबद्दल तुरुंग मिळाला. जमीन कंपनीचीच राहिली. तुझा १९२१ चा उठाव मी डोळ्यांपुढे आणतो, तेव्हा मला हेच दिसते.

मुळशीकर : पण त्या लोकांच्या हातात निदान अपील तरी होते! जमीन कुणाची, हा प्रश्न घेऊन ते कोर्टात जाऊ शकत होते. आमच्या मावळ्यांना कोणत्या कोर्टात कोणता प्रश्न विचारता येत होता? तुम्ही कायदा कोळून प्यायला आहात. कायद्याची वाट धरली असती तर ती मुळशीच्या माणसाला कुठे घेऊन गेली असती, हे आधी तुम्हीच सांगा. मग मला हत्याराबद्दल बोल लावा.

वकील : सांगतो, आणि काही लपवत नाही. त्या वेळी १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्याचा सातवा भाग खास कंपन्यांसाठी लिहिलेला आहे. खासगी कंपनीने सरकारशी करार करायचा, आपले काम लोकांच्या उपयोगाचे आहे एवढे सरकारला पटवायचे, आणि मग सरकार आपल्या अधिकाराने जमीन घेऊन कंपनीच्या हवाली करणार. कलम ६ मध्ये असे लिहिले होते की जमीन अशा कामासाठी लागते अशी सरकारने एकदा घोषणा केली की ती घोषणा हाच निर्णायक पुरावा. तिच्यावर कोर्टाने प्रश्न विचारायचा नाही. शेतकऱ्याला कोर्टाची पायरी चढता येत होती ती कलम १८ खाली, म्हणजे मोजणी चुकली का, मोबदला कमी पडला का, तो कुणाला आणि कसा वाटायचा, एवढ्यापुरती. बाजारभाव ठरायचा आणि घेणे सक्तीचे म्हणून वर १५ टक्के. जमीन द्यायचीच नाही, हे म्हणण्याला त्या कायद्यात जागाच नव्हती. हरकत ऐकून घ्यायची तरतूद, ते कलम ५-अ, १९२३ च्या दुरुस्तीने आले. तोपर्यंत मुळशीची पहिली दोन वर्षे उलटून गेली होती.

मुळशीकर : म्हणजे कोर्ट ‘किती’ एवढेच विचारणार. ‘का’ हा प्रश्न तिथे निघणारच नाही. मग ज्याला ‘किती’ नकोच आहे त्याने कोर्टात जायचे कशाला? आणि कंपनी तरी कायदा कुठे पाळत होती? जमीन ताब्यात येण्याआधीच लोकांच्या शेतांत चाचणीचे चर खणले गेले. हरकत घेणाऱ्या शेतकऱ्यावर कंपनीच्या गोऱ्या इंजिनिअरने पिस्तूल रोखल्याची हकीकत त्या लढ्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. मुळशीच्या खोऱ्यात पहिले पिस्तूल बापटांनी आणले नाही. ते कंपनीने आणले. शेतकरी निमूट बसला तर कायदा त्याचा नाही, आणि उठला तर सगळा कायदा त्याच्या अंगावर. अशा ठिकाणी हत्यार उचलणाऱ्याला मी बंडखोर म्हणत नाही. दुसरे सगळे दरवाजे त्याच्यासमोर आधीच बंद केलेले होते.

वकील : इथे तू तुझ्याच माणसांवर अन्याय करतो आहेस. रामनवमीला काम थांबले ते हत्याराने नाही थांबले. निःशस्त्र माणसे कामाच्या जागेवर जाऊन बसली म्हणून थांबले, आणि पुढचे काही महिने बंद राहिले. टाटांसारखी कंपनी, तिच्या पाठीशी मुंबई सरकार, गव्हर्नर जॉर्ज लॉईड, आणि समोर लंगोटीतला मावळा. तरी थांबले. गांधीजींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त टाटांना जाहीर विनंती केली की कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून बसू नका, लोकांशी बोला. अख्खा महाराष्ट्र त्या वेळी मुळशीकडे बघत होता. वर्षाच्या अखेरीस कंपनीने काम पुन्हा सुरू केले आणि दुसरी फेरी झाली, तेव्हा माणसे तुरुंगात गेली, बायकाही गेल्या, पण काम थांबले नाही. का नाही थांबले, याचे उत्तर हत्यार नव्हते म्हणून, असे तू देतोस. माझ्या मते मधल्या काळात लढणारे लोक आतून फुटले होते.

मुळशीकर : सावकार फोडून गेले.

वकील : हो, आणि इथे आपण थोडे थांबू या, कारण मुळशीची सगळी गोष्ट इथेच आहे आणि भाषणांतून तीच गाळली जाते. खोऱ्यातली पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्या नावावर झालेली होती. कसणारा मावळा, कागदावर नाव सावकाराचे. धरण आले तेव्हा दोघेही विरोधात उभे राहिले, पण दोघांचा विरोध एकच नव्हता. कसणाऱ्याला जमीन हवी होती, कारण ती गेली की त्याच्या हातात काहीच उरत नव्हते. मोबदला तरी त्याच्या हातात किती पडणार? सावकाराला रक्कम हवी होती, आणि लोक जितके जोरात ‘जमीन देणार नाही’ म्हणत तितकी ती रक्कम वाढत होती. राजेंद्र व्होरांनी मुळशीचा इतिहास लिहिताना ही फट नीट उघडी करून दाखवली आहे. सावकारांना मनाजोगता भाव मिळण्याची चिन्हे दिसली तसे ते बाजूला झाले. पुण्यातल्या पुढाऱ्यांचा उत्साहही मग तितका राहिला नाही. आता तुझा बापट पिस्तूल कुणावर रोखणार होता? कंपनीच्या इंजिनिअरवर? पुण्याच्या बुधवार पेठेतल्या सावकारावर? की मोबदला घेऊन गाडीत सामान भरणाऱ्या शेजाऱ्यावर?

मुळशीकर : सावकाराचे नाव निघालेच आहे तर सुप्याची आठवण करा. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलेच सुपे. कुणब्यांनी सावकारांची दुकाने फोडली, गहाणखते आणि वह्या जाळल्या. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने आधी पोलीस आणि लष्कर पाठवले, मग चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्या कायद्याने कोर्टाला कर्जाच्या मुळाशी जाण्याचा अधिकार दिला, जो आधी नव्हता. ही जळलेली खते नसती तर तो कायदा आला असता का? तुम्ही कायदा आणि बंड असे दोन रस्ते आखता. मला तर दिसते की शेतकऱ्याला उपयोगी पडेल असा कायदा दर वेळी कुणाच्या तरी बंडाच्या पाठोपाठ आला आहे.

वकील : सुप्याचा दाखला चांगला आहे, आणि तो अर्धा तुझ्या बाजूचा आहे हे मी मान्य करतो. उरलेला अर्धा बघ. सुप्याच्या लोकांना काय नष्ट करायचे आहे हे नेमके माहीत होते. ते कागदावर तुटून पडले. खत हातात दिले की बहुतेक ठिकाणी सावकाराच्या अंगाला हात लागला नाही. दुसरे म्हणजे, तिथे नमते घेतल्याने सरकारचे काही जात नव्हते. सावकाराचे जात होते. उलट शेतकरी टिकला तर शेतसारा टिकणार होता, म्हणून सरकारला कायदा करणे सोयीचे होते. मुळशीत गणित उलटे होते. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज हवी होती. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ पासून चालू होते, आंध्रा खोऱ्याचे भिवपुरी १९२२ मध्ये सुरू झाले, आणि मुळशीचे पाणी घाटाखाली भिऱ्याला सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचे होते. मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली. शहराची सगळी भूक एका बाजूला आणि खाचरातला भात दुसऱ्या बाजूला. अशा वेळी एक गोळी सुटली असती तर सरकारला खोरे लष्कराच्या ताब्यात द्यायला निमित्त मिळाले असते, आणि शहरातल्या लोकांना मान फिरवायला. देवनहळ्ळीच्या लोकांनी पोलिसांना ते निमित्त दिले नाही. जून २०२५ मध्ये त्यांना उचलून गाड्यांत घातले तेव्हासुद्धा दिले नाही.

मुळशीकर : मग बापटांबद्दल बोलू. पिस्तूल घेतलेला तापट माणूस एवढाच त्यांचा हिशेब तुम्ही करता आहात. ते त्याहून मोठे होते. पारनेरचा हा मुलगा शिष्यवृत्ती घेऊन एडिनबराला इंजिनिअरिंग शिकायला गेला. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची विद्या घेऊन १९०८ मध्ये परतला. म्हणजे हत्यार काय करू शकते, हे त्या पिढीत त्यांच्याइतके फार कमी जणांना माहीत होते. आणि तरी १९२१ मध्ये मुळशीत ते निःशस्त्र बसले. तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. सेनापती हे नाव त्यांना मुळशीने दिले. सगळे संपत आले तेव्हा, मोबदल्याच्या वाटण्या चालू असताना, मूठभर साथीदार घेऊन ते रुळावर दगड रचून उभे राहिले, एका हातात तलवार आणि दुसऱ्यात पिस्तूल घेऊन त्यांनी कंपनीच्या कामाची गाडी अडवली. पळाले नाहीत. सात वर्षांची शिक्षा घेतली. त्यांनी त्याला ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हटले. सत्याला पहिला मान, अहिंसेला त्यानंतरचा, आणि हिंसा करावी लागली तर तिची शिक्षा स्वतः भोगायची तयारी. ज्याने आपल्या कृत्याची किंमत दुसऱ्याच्या माथी मारली नाही, त्याला आपण सहज चूक ठरवू नये.

वकील : त्या माणसाच्या सचोटीवर मी बोट ठेवत नाही, ठेवूही शकत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. रामनवमीला हजार माणसे बसली तेव्हा त्यांतल्या प्रत्येकाचा नकार त्याचा स्वतःचा होता. १९२४ च्या डिसेंबरात मूठभर माणसांनी तोच नकार खोऱ्यातल्या दहा हजारांच्या वतीने उच्चारला, जेव्हा त्या दहा हजारांतल्या बहुतेकांनी थकून होकार दिलेला होता. गाडी चालवणारा माणूस कंपनीचा मालक नव्हता. कदाचित त्याचेही एखादे गाव कुठेतरी गेलेले असेल. गांधीजींनी मुळशीच्या कार्यकर्त्यांना लढा थांबवायचा सल्ला दिला, त्यात तीन गोष्टी सांगितल्या. बहुतेकांनी मोबदला घेतला आहे, धरण बरेच पुढे गेले आहे, आणि लढ्याचा नेता पूर्ण अहिंसा मानणारा नाही. तिसऱ्या गोष्टीवर सगळे वाद घालतात. मला पहिली जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांच्यासाठी लढायचे तेच निघून गेले, तर शस्त्र उरते ते कुणाच्या हातात?

मुळशीकर : ते निघून गेले, की त्यांना निघावे लागेल अशी पाळी आणली? तुम्ही थकवा म्हणता, मी त्याला भूक म्हणतो. दोन पावसाळे पेरणी नाही, कर्ता माणूस येरवड्यात, आणि सरकारी माणूस दारात पैसे घेऊन उभा. आमच्याही घरातल्यांनी मोबदला घेतला होता. त्यांना मी गद्दार म्हणणार नाही. पण त्या मोबदल्याला त्यांची संमती होती असेही मी म्हणू देणार नाही. आणि शांतपणे, कायद्याने, अर्जविनंत्या करून लढणाऱ्यांचे तुमच्या या शहरात काय झाले? बंगळूर-म्हैसूर महामार्गाच्या कंपनीसाठी याच औद्योगिक मंडळाने शहराच्या कडेची जमीन घेतली. २००३ मध्ये अधिसूचना, २००५ मध्ये ताबा. काही जमीनमालकांना त्यानंतर वर्षानुवर्षे मोबदल्याचा निवाडाच दिला गेला नाही. त्यांनी रुळावर दगड रचले नाहीत. ते कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाचा निकाल जानेवारी २०२५ मध्ये आला. बावीस वर्षे! कायद्याचा मार्ग हाच असेल तर तो माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब आहे.

वकील : तो निकाल मी वाचला आहे. कोर्टाने सरकारी अधिकाऱ्यांच्या सुस्तीवर कडक ताशेरे मारले आणि २००३ चा भाव न धरता एप्रिल २०१९ चा बाजारभाव धरून मोबदला द्यायला सांगितले. माझ्या बाजूने बोलायचे तर, अखेरीस न्याय मिळाला. तुझ्या बाजूने बोलायचे तर, तोही ‘किती’ या प्रश्नावरच मिळाला. रस्ता व्हायला हवा होता का, हा प्रश्न २००६ मध्येच सुप्रीम कोर्टाने प्रकल्पाच्या बाजूने निकालात काढला होता. मी आयुष्यभर कोर्टात उभा राहिलो आहे, आणि हे मला बोचते. अशिलाला मी चांगला भाव मिळवून देऊ शकतो. त्याची जमीन त्याच्याकडे ठेवून देऊ शकत नाही, किंवा फार क्वचित देऊ शकतो. कागदपत्रात एखादी चूक सापडली, नोटीस वेळेत दिली नाही, हरकत ऐकली नाही, अशा फटीतून कधीतरी जमीन वाचते. शेतकऱ्याच्या हक्काने ती वाचली, असे म्हणता येत नाही. सरकार चुकले म्हणून वाचली.

मुळशीकर : मग तुम्ही माझ्या इतक्या जवळ आहात तर उरलेले पाऊल का टाकत नाही?

वकील : कारण त्या पावलाची किंमत कोण देतो, हे मी पाहिले आहे. नवी मुंबईसाठी सिडकोने उरण-पनवेलची जमीन घेतली, त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील माझ्यासारखेच वकील होते. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि न्हावाशेवा भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. लोक निःशस्त्र होते. त्यानंतर विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत देण्याचे तत्त्व सरकारने स्वीकारले, आणि देशभर त्याचा दाखला दिला गेला. आता यातून तू म्हणशील, रक्त सांडल्यावरच सरकार ऐकते. मी म्हणतो, ते ऐकले कारण रक्त एकाच बाजूचे होते आणि सगळ्यांना ते दिसले. हातात कोयता असता तर वर्तमानपत्रांनी ‘दंगल’ छापले असते आणि साडेबारा टक्के कुणाला मिळाले नसते.

मुळशीकर : हे ऐकायला फार कठीण आहे, वकीलसाहेब. तुम्ही शेतकऱ्याला सांगता आहात की तुझा नकार मोजला जाईल, पण त्यासाठी तू मरायचे आणि हात उगारायचा नाहीस. देवनहळ्ळीत कुणी मेले नाही म्हणून आपण त्याला विजय म्हणतो. जासईत पाच गेले म्हणून त्याला तडजोड म्हणतो. मुळशीत काहीच मिळाले नाही म्हणून बापटांना दोष देतो. पण तिन्ही ठिकाणी शेतकऱ्याजवळ एकच गोष्ट नव्हती, नाही म्हणण्याचा कायदेशीर हक्क. तो असता तर १९२१ मध्ये बसावे लागले नसते, १९२४ मध्ये दगड रचावे लागले नसते, आणि कोर्टाला ‘का’ विचारता आले असते. माझा बापटांबद्दलचा आग्रह कदाचित इतकाच आहे. ज्या कायद्यात नकाराला जागा नाही, त्या कायद्याने निर्माण केलेल्या शस्त्राचा दोष शस्त्र धरणाऱ्यावर ढकलू नका.

वकील : इतके मी मान्य करतो. पण नकाराचा हक्क म्हणजे कुणाचा, हे मला अजून सुटलेले नाही, आणि तुलाही सुटलेले नाही. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने पहिल्यांदा संमती आणली. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची, सरकार आणि कंपनीच्या भागीदारीतल्या प्रकल्पासाठी ७० टक्क्यांची. मुळशीला हा कायदा लागू असता तर ८० टक्के कुणाचे मोजले असते? सावकाराचे की कसणाऱ्याचे? आणि उरलेल्या वीस टक्क्यांचे काय? ‘जान किंवा जमीन’ म्हणणारा माणूस शेवटच्या वीस टक्क्यांतच असतो. देवनहळ्ळीतही काही शेतकरी सरकारकडे गेले आणि म्हणाले, आम्हाला विकायची आहे, चांगला भाव द्या. मुख्यमंत्र्यांच्या घोषणेतही तेवढी सोय ठेवलेली होती, की ज्याला स्वखुशीने द्यायची त्याची घेऊ. तुझा नकार पवित्र, मग शेजाऱ्याचा होकार खोटा, असे तू म्हणू शकत नाहीस. आणि एकेकाने विकत गेले तर मधे उरलेल्याचे शेत, त्याची विहीर, त्याचा रस्ता कोण सांभाळणार? नकार एकट्याचा असेल तर तो टिकत नाही. सगळ्यांचा असेल तर त्यात एकट्याचा होकार चिरडला जातो.

मुळशीकर : तरी देवनहळ्ळीच्या लोकांनी एक गोष्ट बरोबर केली, आणि ती ना तुमच्या कायद्यातून आली ना माझ्या हत्यारातून. सरकारने आधी सुमारे पाचशे एकर सोडायची तयारी दाखवली, तीन गावांची. त्या तीन गावांनी आपापली जमीन वाचली म्हणून घरी जायला हवे होते. ते गेले नाहीत. मुळशीत सावकार ज्या जागी उठून गेला, त्याच जागी ही गावे बसून राहिली. मावळ्यांना हे जमले असते का, याचे उत्तर माझ्याकडे नाही. ज्याची जमीन दुसऱ्याच्या वहीत गहाण आहे, त्याला शेजाऱ्यासाठी बसून राहणे परवडते का, हे तुम्ही सावकाराचा विषय काढल्यापासून माझ्या मनात घोळते आहे. हत्याराचा प्रश्न मी सोडलेला नाही. पण हत्याराच्या आधी वही येते, हे मी आज मान्य करतो.

वकील : आणि मी हे मान्य करतो की देवनहळ्ळीला मी विजय म्हणताना सावध राहायला हवे. ती जमीन एका मुख्यमंत्र्याच्या घोषणेने वाचली. विरोधी पक्षात असताना त्यांनी त्या धरण्याला पाठिंबा दिला होता आणि लोकांनी त्यांना त्याची आठवण ठेवायला भाग पाडले. उद्या खुर्चीवर दुसरा कुणी बसला, तर लोकांना पुन्हा तिथून सुरुवात करावी लागेल. हक्क कागदावर नसला की तसेच होते: मुळशीच्या तळ्याकाठच्या वाड्यांना शंभर वर्षांनीही घराखालची जमीन नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावे लागतात. कर्नाटकात मंडळाला ज्याने जमीन घेता येते तो औद्योगिक क्षेत्र विकास कायदा १९६६ चा आहे. त्याच्या कलम २८ मध्ये अधिसूचना आहे, नोटीस आहे, हरकत ऐकण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याची संमती हा शब्द त्या कलमात नाही. देवनहळ्ळीच्या घोषणेने त्यात काही बदलले नाही.